संगणकीय फलनसंग्रहांतील दोषसूचनेचा प्रश्न

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील इंझोरी या गावी पाच दिवसांत पडलेला पाऊस अनुक्रमे ८, २, ०, ४ आणि १ मिलिमीटर होता, असे क्षणभर गृहीत धरू. आकडे कल्पित आहेत, परंतु त्यांची जात अगदी ओळखीची आहे. विदर्भातील कोणत्याही पर्जन्यमापकाच्या वहीत कोरडे दिवस असतातच. या पाच आकड्यांचा भूमितीय मध्य काढावयाचा आहे. रूढ रीत अशी की, प्रत्येक आकड्याचा लॉगरिदम घ्यावा, लॉगरिदमांची सरासरी काढावी आणि शेवटी घातांकी फलनाने परत मूळ मानावर यावे. रीत निर्दोष आहे. अडचण एवढीच की, शून्याला लॉगरिदम नाही.

हेच गणित चार ठिकाणी करून पाहिले असता काय घडते? पायथन भाषेच्या स्वतःच्या गणित-विभागातील लॉगरिदमाचे फलन शून्य दिसताच काम थांबवते आणि आज्ञावली तेथेच कोसळते. त्याच भाषेत नमपाय हा फलनसंग्रह वापरला तर पडद्यावर एक इशारा उमटतो, उत्तर म्हणून ऋण अनंत मिळते, सरासरीही ऋण अनंत होते आणि अखेरीस भूमितीय मध्य ० येतो. आकडे मायएसक्यूएल या विदागारात असतील तर शून्याचा लॉगरिदम 'नल', म्हणजे रिकामी जागा, असा मिळतो. सरासरीचे फलन रिकाम्या जागा वगळते. त्यामुळे उरलेल्या चारच दिवसांचा मध्य निघतो आणि उत्तर सुमारे २.८३ येते. एक्सेलमध्ये भूमितीय मध्याचे तयार फलन वापरले तर उत्तराच्या चौकटीत आकड्याऐवजी दोषाची खूण उमटते. गाव एक, पाऊस एक, सूत्र एक आणि उत्तरे मात्र भिन्न. त्यांतील २.८३ हे उत्तर सर्वांत घातक म्हटले पाहिजे, कारण ते दिसावयास सर्वांत सभ्य आहे. ते पाहून कोरडा दिवस हिशोबातून गळाला अशी शंकाही कोणास येणार नाही.

ही बाब केवळ प्रोग्रामरांच्या सोयीगैरसोयीची नाही. २०१६ च्या केंद्रीय दुष्काळ व्यवस्थापन संहितेत पर्जन्याचे निर्देशांक हे दुष्काळ ठरविण्याच्या निकषांपैकी आहेत. आणि असे निर्देशांक आज हाताने कोणी काढीत नाही. ते फलनसंग्रहातूनच निघतात. म्हणून फलनाला न पेलणारा आकडा त्याच्या हाती पडला असता ते काय करते, हा प्रश्न तालुक्याच्या पदरी काय पडते येथपर्यंत जाऊन पोचतो.

प्रथम प्रश्नाचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे. गणितात फलनाबरोबर त्याचा प्रांत दिलेला असतो. प्रांताबाहेरच्या मूल्याविषयी फलन काही बोलतच नाही. आणि गणितज्ञाला तेवढे पुरते. संगणकाला ते पुरत नाही. त्याच्यापुढे ६४ बिटांचा एक आकडा ठेवला की त्याला काहीतरी करावेच लागते, मौन हा पर्याय त्याला उपलब्ध नाही. ऋण संख्येचे वर्गमूळ ही एक प्रकारची अडचण होय: वास्तव संख्यांत उत्तर अस्तित्वातच नाही. शून्याचा लॉगरिदम ही दुसऱ्या प्रकारची: तेथे फलन अनंताकडे धाव घेते. १००० चे घातांकी फलन ही तिसरी: उत्तर सान्त आहे, पण यंत्राच्या मापात मावत नाही. उलट, उणे १००० चे घातांकी फलन इतके सूक्ष्म आहे की यंत्र त्याला शून्यच समजते. या चार अडचणी तत्त्वतः भिन्न आहेत आणि त्यांना एकच उपाय लागू करावा असे म्हणण्यास आधार नाही. तक्रार भेदाविषयी नाही. समान अडचणीला एकाच घरात दोन वेगळे न्याय मिळतात, ही तक्रार आहे.

हा घोटाळा यंत्रयुगातच प्रथम उद्भवला असे मात्र समजू नये. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये शून्याच्या क्रियांचे नियम घालून दिले, त्यांत शून्याला शून्याने भागल्यास शून्य येते असे ठरविले. नवव्या शतकातील महावीराचार्यांच्या मते शून्याने भागलेली संख्या जशीच्या तशी राहते. ११५० च्या लीलावतीत भास्कराचार्यांनी निराळी वाट धरली. शून्याने भागलेल्या राशीला त्यांनी 'खहर' हे स्वतंत्र नाव दिले, आणि बीजगणितात तिची अनंताशी तुलना करून तिच्यात काही मिळविले वा तिच्यातून काही काढले तरी तिच्यात विकार होत नाही असे प्रतिपादिले. एका प्रश्नाला तीन थोर गणितींनी दिलेली ही तीन उत्तरे, शून्य, मूळ संख्या आणि विशेष खूण, वाचकांनी लक्षात ठेवावीत. पुढे त्यांचा पुन्हा संबंध येणार आहे.

लीलावतीतील आणखी एक सूचना येथे विशेष मननीय आहे. एखाद्या संख्येला शून्याने गुणले तर फळ शून्य; परंतु पुढे आणखी क्रिया शिल्लक असतील तर लगेच शून्य लिहू नये, ती राशी 'खगुण' म्हणून तशीच पुढे न्यावी; कारण नंतर शून्याने भागण्याचा प्रसंग आल्यास मूळ संख्या अविकृत मिळते. त्यावरील उदाहरण प्रसिद्ध आहे: कोणत्या संख्येस शून्याने गुणून, त्यात तिचे अर्ध मिळवून, तिनाने गुणून, शून्याने भागले असता ६३ येतात? शून्याची खूण बाजूस धरून चालले की राशीची दीडपट, तिची तिप्पट म्हणजे साडेचारपट, ती ६३ बरोबर. म्हणून राशी १४. आजच्या बीजगणिताच्या कसोटीला ही रीत उतरत नाही, हे खरे. पण तिच्यामागचा विचार पाहावा. दोष उद्भवला त्याच क्षणी निकाल लावून टाकू नये, त्याची खूण राशीबरोबर वाहून न्यावी आणि निकाल शेवटी लावावा, हा तो विचार होय. भास्कराचार्यांना संगणकाची चाहूल लागली होती असला दावा करण्याचे काही कारण नाही. तसले दावे करणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. एवढेच की, प्रश्न जुना आहे आणि त्याची उत्तरे मोजकीच आहेत.

आता आधुनिक फलनसंग्रहांकडे वळू. सी भाषेचा गणिती फलनसंग्रह हा या सर्वांचा मूळपुरुष मानावयास हरकत नाही. पुष्कळ भाषांची गणिती फलने आतून त्याच्याच आधारावर चालतात. या संग्रहाच्या आरंभीच्या संकेतानुसार फलनाने काहीतरी मूल्य परत द्यावयाचे आणि दोष झाल्याची वर्दी 'एर्नो' नावाच्या एका सामाईक चलात नोंदवावयाची. प्रांतदोषाला एक क्रमांक, मर्यादादोषाला दुसरा. येथे दोन खाचखळगे आहेत. एक म्हणजे, उत्तर एकीकडे आणि वर्दी दुसरीकडे, तेव्हा वर्दी वाचणे हे पूर्णपणे वापरणाऱ्याच्या शिस्तीवर सोडलेले. दुसरा असा की, संग्रहातील कोणतेही फलन हा चल पुसून शून्य करीत नाही. तेव्हा हाक मारण्यापूर्वी तो स्वतः पुसला नसेल तर मागच्याच दोषाची शिळी वर्दी नव्या उत्तराच्या माथी बसते.

सिस्टिम फाइव्ह युनिक्सने याहून वेगळी सोय केली होती. तीत दोष होताच 'मॅथएर' या नावाच्या फलनाला हाक जाई, आणि ते वापरणाऱ्याने स्वतः लिहून उत्तर बदलावे अशी मुभा असे. कल्पना आकर्षक होती. परंतु सर्वत्र रुजली नाही, आणि जीएनयूच्या सी-संग्रहाने २०१८ मधील २.२७ या आवृत्तीपासून नव्या आज्ञावल्यांपुरती ती काढून टाकली.

याच सुमारास यंत्ररचनेच्या बाजूने एक मोठी घटना घडली होती. विल्यम केहान यांच्या पुढाकाराने १९८५ मध्ये आयईईई ७५४ हे चलबिंदू अंकगणिताचे प्रमाणक प्रसिद्ध झाले. त्यापूर्वी प्रत्येक यंत्राचे अंकगणित वेगळे असे. या प्रमाणकाने पाच प्रकारचे अपवाद निश्चित केले: अवैध क्रिया, शून्याने भागाकार, ओव्हरफ्लो, अंडरफ्लो आणि अचूकतेचा लोप. प्रत्येकासाठी यंत्रात एक निशाण ठेवले आणि काम न थांबविता पुढे न्यावयाचे मूल्यही ठरवून दिले. सान्त, अशून्य संख्येला शून्याने भागल्यास अनंत; अवैध क्रियेला 'नॅन', म्हणजे 'अंक नव्हे' असे सांगणारी खूण. नॅनशी केलेली बहुतेक क्रिया पुन्हा नॅनच देते. खूण राशीबरोबर वाहून नेण्याचे तत्त्व ते हेच. केहान यांना १९८९ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला, आणि तो यथार्थ होता. पण नॅनचा एक गुण नवशिक्याला हमखास चकवतो. नॅनची कशाशीही तुलना केली, अगदी स्वतःशीही, तरी 'समान' असे उत्तर येत नाही; लहान-मोठेपणाची प्रत्येक तुलना असत्य ठरते. म्हणून 'मूल्य शून्याहून लहान असेल तर दोष दाखवावा' अशी पहारेकऱ्याची ओळ लिहिली असता नॅन तिच्यासमोरून बिनदिक्कत आत जातो. तीच अट 'मूल्य शून्य वा अधिक नसेल तर' अशी उलटून लिहिली तर मात्र तो अडतो. शाळेतील तर्कशास्त्राप्रमाणे ही दोन वाक्ये एकच आहेत.

सी भाषेच्या १९९९ च्या प्रमाणकाने या दोन परंपरांचा समेट घडवून आणण्याचा प्रयत्न केला. खरे तर समेट न करता दोघींना घरात ठेवले. त्यानुसार दोषाची वर्दी एर्नोमधून द्यावी, यंत्राच्या निशाणांतून द्यावी, की दोन्हींतून, हे प्रत्येक संग्रहाने ठरवावयाचे आणि आपली निवड जाहीर करावयाची. लिनक्सवरील जीएनयू संग्रह दोन्ही मार्ग अवलंबितो. ॲपलच्या मॅकओएसमधील आणि 'मस्ल' या छोटेखानी संग्रहातील फलने केवळ निशाणे उंचावतात, एर्नोला स्पर्श करीत नाहीत. परिणाम असा की, एर्नो तपासणारी, लिनक्सवर वर्षानुवर्षे चोख चालणारी आज्ञावली मॅकवर नेली की तिची तपासणी निमूटपणे निरर्थक होते. ती आज्ञावली कोसळत नाही, इशारा देत नाही. दोषच झाला नाही असे समजून पुढे जाते. एकाच संग्रहाच्या आतही पोकळी राहते ती निराळीच. जीएनयू संग्रहात अनंताची साइन किंवा कोसाइन घेतली असता नॅन येत असे, पण २.१० या आवृत्तीपूर्वी एर्नोत प्रांतदोषाची नोंद होत नसे. शेजारच्या लॉगरिदमाच्या बाबतीत नोंद होत होती. हा न्याय कोणी विचारपूर्वक ठरविला नव्हता, तो राहून गेला होता.

पायथनचे उदाहरण अधिक बोधप्रद आहे, कारण ती भाषा मुळात दोष स्पष्ट बोलून दाखवावा या मताची. तिच्या गणित-विभागाचा नियम असा की, अवैध क्रिया व शून्याने भागाकार यांना मूल्यदोष, ओव्हरफ्लोला ओव्हरफ्लोदोष आणि अंडरफ्लोला काहीच नाही. म्हणून १००० चे घातांकी फलन विचारल्यास काम थांबते, उणे १००० चे विचारल्यास गुपचूप शून्य मिळते. इथपर्यंत नियमाला नियम आहे. परंतु विभागाबाहेर भाषेची स्वतःची क्रियाचिन्हे आहेत, आणि त्यांचा कायदा वेगळा. १० चा ३०८ वा घात घेऊन त्याला १० ने गुणावे, तर उत्तर अनंत येते आणि कोणी काही बोलत नाही. तेच १० या दशांशी संख्येचा ४०० वा घात घातचिन्हाने विचारावा, तर काम थांबते. गुणाकाराच्या ओव्हरफ्लोला मौन, घाताच्या ओव्हरफ्लोला आरडाओरडा. शून्याचा उणे पहिला घात गणित-विभागाच्या फलनाने काढल्यास मूल्यदोष होतो, घातचिन्हाने काढल्यास शून्यभागदोष; एका चुकीसाठी लावलेला सापळा दुसरीला पकडीत नाही. उणे ८ चा एकतृतीयांश घात तर याहून विलक्षण. गणित-विभागाचे फलन तो नाकारते. घातचिन्ह मुकाट्याने संमिश्र संख्या देते. पुढील ओळीत वास्तव संख्या अपेक्षित असेल तर दोष तेथे प्रकट होतो, उद्भवला तेथे नाही. आणि एका यादीतील महत्तम मूल्य काढणारे साधे फलन घ्यावे: यादीत नॅन पहिला असेल तर उत्तर नॅन, मागे असेल तर उत्तर दुसरेच. आकड्यांचा क्रम बदलला म्हणून महत्तम बदलावे, हे कोणत्याही गणितात बसत नाही.

ही विसंगती निष्काळजीपणाची म्हणावी काय? काही अंशी होय. पण बहुतेक ठिकाणी तिला इतिहास आहे. गुणाकार थेट यंत्राकडे जातो, घात संग्रहातील फलनाकडे जातो. एकाला यंत्राचे अंकगणित लाभले, दुसऱ्याला संग्रहाचे. शिवाय एकदा प्रसृत झालेले वर्तन बदलले तर त्यावर विसंबलेल्या असंख्य आज्ञावल्या मोडतात, म्हणून चूकही परंपरा होऊन बसते. काही ठिकाणी तर तत्त्वाचाच मतभेद आहे. १ या संख्येचा नॅनवा घात किती? सी भाषेचे प्रमाणक म्हणते १, कारण घात कोणताही असो, १ चा घात १ च. जावा आणि जावास्क्रिप्ट म्हणतात नॅन, कारण ज्याचा पत्ता नाही त्याच्याविषयी काही बोलू नये. दोन्ही बाजूंना युक्तिवाद आहे. शून्याचा शून्यावा घात १ मानणारे फलन आयईईई ७५४ च्या २००८ च्या आवृत्तीत आहे, आणि त्यास अवैध म्हणणारे दुसरे घातफलनही त्याच आवृत्तीत आहे. प्रमाणकाने येथे दोन नावे देऊन वाद मिटविला. ही रीत प्रामाणिक आहे. दोन अर्थ असतील तर दोन फलने असावीत.

पूर्णांकांच्या भागाकारात तर ब्रह्मगुप्त आणि महावीराचार्य पुन्हा भेटतात. इंटेलच्या परंपरेतील प्रोसेसर शून्याने भागल्यास अपवाद उभा करून काम रोखतो. आर्मच्या ६४ बिटी रचनेत उत्तर ० येते. रिस्क-फाइव्ह या रचनेत भागाकाराचे सर्व बिट १ होतात, म्हणजे चिन्हांकित पूर्णांकात उणे १, आणि बाकी म्हणून भाज्य संख्या जशीच्या तशी परत मिळते. नमपायमध्ये पूर्णांकांच्या यादीला शून्याने भागले तर इशाऱ्यासह ०, आणि तोच भागाकार दशांशी संख्यांचा असेल तर अनंत. लीन नावाच्या सिद्धतापरीक्षक भाषेत तर शून्याने भागाकार शून्य मानणे हे हेतुपुरस्सर आहे, आणि तेथे ते क्षम्य आहे. कारण प्रमेयाला छेद अशून्य असल्याची अट पुढे सिद्ध करावीच लागते. पावसाच्या वहीला असला परीक्षक नसतो.

विसंगत दोषसूचनेचे मोल किती पडू शकते, याचा सर्वज्ञात दाखला ४ जून १९९६ चा. त्या दिवशी एरियान ५ हा युरोपीय अग्निबाण आपल्या पहिल्याच उड्डाणात चाळीस सेकंदांच्या आत मार्ग सोडून नष्ट झाला. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेत एक ६४ बिटी चलबिंदू संख्या १६ बिटी पूर्णांकात रूपांतरित होत होती. संख्या मापाबाहेर गेली आणि अपवाद उभा राहिला. अशा धोक्याची सात चले होती. त्यांपैकी चारांना संरक्षण होते, तिघांना नव्हते, कारण त्यांची मूल्ये मर्यादेबाहेर जाणारच नाहीत असे मानले गेले. एरियान ४ साठी ते गृहीत खरे होते. पुढचा भाग अधिक शोचनीय होय. बंद पडता पडता त्या यंत्रणेने दोषनिदानाचे बिट बाहेर पाठविले आणि मुख्य संगणकाने ते उड्डाणाची खरी आकडेवारी समजून त्याप्रमाणे अग्निबाण वळविला. दोषाची वर्दी आणि उत्तर एकाच वाटेने गेली, आणि घेणाऱ्याला दोन्हींतील फरक कळला नाही. मायएसक्यूएलमधील रिकामी जागा सरासरीत विरून जाते, तेव्हा आकाराने लहान परंतु जातीने हाच प्रकार घडतो.

इंझोरीच्या उदाहरणाकडे वळता, त्यात आणखी एक पदर आहे. वहीत एखाद्या दिवशी नोंदच झाली नसेल तर कित्येक आधारसामग्रींत तेथे उणे ९९९ असा सांकेतिक आकडा घालतात. आर भाषेत शून्याचा लॉगरिदम बिनइशाऱ्याने ऋण अनंत येतो, उणे ९९९ चा मात्र इशाऱ्यासह नॅन. नंतर सरासरी काढताना गहाळ मूल्ये वगळण्याचा पर्याय दिला की नॅन वगळला जातो, ऋण अनंत राहतो. नमपायची सरासरी नॅनला वगळीत नाही. त्याच्यावरच उभारलेला पांडाज हा संग्रह न सांगता वगळतो. म्हणजे कोरडा दिवस आणि न नोंदलेला दिवस, ज्यांचा अर्थ कृषिदृष्ट्या अगदी विरुद्ध आहे, त्यांचे भवितव्य कोणता संग्रह हाताशी होता यावर ठरते. नमपायचा इशाराही सामान्यतः आज्ञावलीतील एका ओळीसाठी एकदाच उमटतो. हजारो गावांच्या फेऱ्यात तो पहिल्याच गावी येऊन जातो.

यावर उपाय संग्रहाबाहेरच शोधावा लागतो, आणि तो फारसा अवघडही नाही. प्रांताची तपासणी फलनाला हाक मारण्यापूर्वी, वापरणाऱ्याने स्वतःच्या शब्दांत करावी. नमपायमध्ये भागाकार, ओव्हरफ्लो व अवैध क्रिया यांचे इशारे दोषांत रूपांतरित करण्याची कळ आहे. संशोधनाच्या आज्ञावलीत ती आरंभीच दाबलेली बरी. जीसीसी या संकलकाला वेगवान गणिताची सूचना दिल्यास तो नॅन व अनंत अस्तित्वातच नाहीत असे धरून चालतो आणि नॅनची तपासणीही पुसून टाकू शकतो. तेव्हा त्या सूचनेचा मोह टाळावा. प्रबंधात उत्तराबरोबर संग्रहाचे नाव, आवृत्ती आणि शून्य व गहाळ नोंदींना दिलेली वागणूक लिहावी.

पावसाच्या बाबतीत तर संख्याशास्त्राने वाट आखूनच दिली आहे. प्रमाणित पर्जन्य निर्देशांक काढताना पावसाला गॅमा वितरण लावतात, आणि गॅमा वितरणाला शून्य चालत नाही. म्हणून शून्य पावसाची संभाव्यता वेगळी मोजतात. तिला क म्हटले, आणि अशून्य पावसाचे संचयी वितरण ग म्हटले, तर एकूण संभाव्यता क अधिक (१ वजा क) गुणिले ग अशी होते. कोरडे दिवस येथे लॉगरिदमापर्यंत जातच नाहीत; ते स्वतःच्या पदात मोजले जातात. फेब्रुवारी-मार्चसारख्या महिन्यांत, जेव्हा विदर्भातील कित्येक वर्षे कोरडी जातात, क चे मान मोठे असते आणि ग साठी थोडीच वर्षे उरतात. तेव्हा किती वर्षांच्या नोंदींवर गॅमाचे प्राचल काढले, ही संख्या निर्देशांकाशेजारी छापणे आवश्यक ठरते.